मागची सीट

"दादा, एक तर वयनींना एका अंगानं बसाया ही जाळी लावू, नायतर ती स्कूटर घेऊन जा," गोमा मिस्त्री म्हणाला. "ह्याच्यात तिसरं काय नाय."

शिळफाट्याच्या गॅरेजपुढे कोंडाजी उकिडवा बसला होता. एका अंगाला त्याची पंधरा वर्षांची राजदूत फटफटी, दुसऱ्या अंगाला मुंबईहून लेकाने निरोप धाडून ठरवून ठेवलेली आकाशी स्कूटर. स्कूटर बुटकी होती, सीट रुंद होती, आणि फटफटी देऊन टाकली की ती लगेच मिळणार होती. कोंडाजीने तिच्याकडे एकदा पाहिलं, मुलगी पसंत नसलेल्या पाहुण्यासारखं, आणि तंबाखूची डबी काढली.

सगळं अडलं होतं ते त्याच्या बायकोच्या, भागूबाईच्या गुडघ्यापाशी. गेल्या लावणीला तिचा उजवा गुडघा धरला तो काही सुटला नाही. फटफटीवर टांग टाकायला पाय वर जाईना. आणि भागूबाई एका अंगाने बसणाऱ्यांतली नव्हती. लुगड्याचा काष्टा घट्ट खोचायची आणि गड्यासारखी दोन्हीकडे पाय टाकून बसायची. पहिल्या वर्षी त्यांच्या कुंभिवली गावापासून फाट्यापर्यंत लोक दुकानांबाहेर येऊन बघत. मग बघून बघून त्यांनाच कंटाळा आला.

फटफटीला आरसा नव्हता. कोंडाजीने कधी लावलाच नाही. मागचं भागूबाई बघायची, आणि खरं सांगायचं तर पुढचंही तीच बघायची. ट्रक येतोय, म्हस बसलीय, हळू घ्या. कोंडाजी नुसतं हँडल धरतो, असं गावात म्हणत, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

आता तीन महिने भागूबाई बाजाराला एसटीने येत होती आणि कोंडाजी एसटीच्या मागून फटफटीवर, धूर खात. कंडक्टर मागच्या खिडकीतून हात हलवायचा. कोंडाजीला त्यात काही गंमत वाटत नव्हती. मागे कोणी नसलं की त्याला पाठीला गार लागायचं.

"बसव जाळी," तो शेवटी म्हणाला. निदान फटफटी तरी घरात राहील.

एसटी आली तोवर गोमाचं काम झालं होतं. मागच्या चाकाला डावीकडून लोखंडी जाळी, खाली दोन्ही पावलं टेकायला पट्टी. भागूबाई सुकटीची पिशवी सांभाळत, पाय ओढत आली. गोमाने धरलं, ती एका अंगाने बसली, आणि कोंडाजीने नाक्यापर्यंत एक फेरी मारली.

सगळा भार डावीकडे. हँडल ओढ घेत होतं, आणि पंधरा वर्षांची सवय असलेले हात नवशिक्यासारखे डुगडुगत होते. एक टेंपो अंगाला घासून गेला. मागून शब्द नाही. गॅरेजशी परत येऊन फटफटी थांबली तेव्हा कोंडाजीने विचारलं, की टेंपो आला तर सांगितलं का नाही.

"दिसला तर सांगीन ना," भागूबाई उतरत म्हणाली. "नुसती दुकानं दिसतात. तुमी मला बाजाराला नेताव का इकायला, मला काय कळनार?"

गोमा हसला. कोंडाजीला हसू आलं नाही. त्याला वाईट वाटलं, फार वाईट. असं तोंड फिरवून तिला किती दिवस न्यायचं? त्याने फटफटीच्या टाकीवर हात ठेवला आणि गोमाला सांगितलं की बाबा, काढ ती स्कूटर बाहेर.

गोमा किल्ली शोधायला आत गेला. भागूबाईचं मात्र इकडे लक्षच नव्हतं. ती समोरच्या भाताच्या गिरणीकडे बघत होती. गिरणीच्या ओट्याला ट्रक लागला होता, आणि हमाल पाठीवर पोती घेऊन ओट्यावरून सरळ ट्रकात पाऊल टाकत होते. पाय उचलायचं कामच नव्हतं.

ट्रक भरून निघून गेला. भागूबाईने पिशवी कोंडाजीच्या हातात दिली.

"फटफटी त्या वट्याला लावा."

"कशाला गं?"

"लावा तर खरी."

ती कडेच्या पायऱ्यांवरून एकेक पाऊल जोडत वर चढली. कोंडाजीने पिशवी हँडलला अडकवली आणि फटफटी ओट्याला अगदी चिकटवून तो तिच्यावर बसून राहिला. भागूबाईने काष्टा आवळला, डाव्या हाताने त्याचा खांदा धरला आणि शेताचा बांध ओलांडावा तसा उजवा पाय सहज पलीकडे टाकला. डावं पाऊल मात्र खाली कुठेच टेकेना, मध्ये जाळी होती.

"गोमा, ही काढ रं पयली," ती म्हणाली.

कोंडाजीने फटफटी ओट्याच्या थोडी पुढे घेतली, आणि गोमा किल्ली खिशात टाकून पाना घेऊन आला. हमाल काम नसल्यामुळे ओट्यावर बसून बघत राहिले. जाळी निघाली, भागूबाईची दोन्ही पावलं आपापल्या जागी गेली, आणि कोंडाजीच्या पाठीला ऊब लागली.

गोमा जाळी हातात घेऊन तसाच उभा होता. त्याला अजून पटत नव्हतं.

"घरी वटा हाय, हितं हाय. पन जितं वटा नाय, तितं कशा उतरशाल, वयनी?"

"तितं आमी उतरनारच नाय," भागूबाई म्हणाली. मग तिने मान वळवून रस्ता पाहिला आणि कोंडाजीच्या खांद्यावर बोट टेकवलं.

"चला. मागून कोन येत नाय."