आधी उत्तर द्या

“मतदार पाहणीत मी पुढे आहे, ते विचारा की!” नगराध्यक्षपदाचे उमेदवार ढोमणे मंचावरून गुरगुरले.

“ते सगळ्यांनी वाचलंय. निवडून आलात तर कचरा डेपो कुठे हलवणार?” केबल वाहिनीची ही जाहीर चर्चा चालवणाऱ्या वृंदाने पुन्हा विचारलं. सभागृहात शिट्ट्या सुरू झाल्या. “विकली गेलीये ही!” मागून कुणीतरी ओरडलं.

तिने माइक विरोधी उमेदवार लांबटताईंकडे वळवला. त्या गोड हसल्या. “माझी प्रतिमा स्वच्छ आहे. लोकांना तेवढं पुरे.”

“प्रतिमेने डेपो हलत नाही, ताई.”

ताईंचं हसू मावळलं. वाहिनीच्या मालकाने मंचाखालूनच ‘आवर’ असा हात केला. वृंदाने तिकडे पाठ फिरवली, तर त्याने माइकच बंद करायला लावला.

दोन्ही उमेदवार निघाले. तेवढ्यात डेपोशेजारच्या वस्तीतली एक म्हातारी खोकत उठली आणि दारातच फतकल मारून बसली. पाठोपाठ तिच्या शेजारणी बसल्या.

“उत्तर द्या, मग जा,” म्हातारीने बजावलं.

कार्यकर्ते अंगावर धावून आले. बायका हलल्या नाहीत. वृंदाही माइक टाकून त्यांच्यात जाऊन बसली.

ढोमण्यांनी घाम पुसला. “खरं सांगू? आम्ही त्याचा विचारच केलेला नाही.”

“मग मत कुठल्या तोंडाने मागता?” म्हातारी म्हणाली.