दोन्ही हातांनी

"घरफोडीतल्या लोखंडी पहारेवर दोन माणसांच्या डीएनएचे अंश मिळालेत." संचालक कुरामोचींनी अहवाल प्रयोगशाळेच्या लांब टेबलावर ठेवला. "एक संशयिताचा. दुसरा आपल्याच यादीतला. क्रमांक चौदा."

प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाच्या डीएनएची नोंद त्या यादीत असे. पुराव्याला चुकून आपलाच स्पर्श झाला, तर तो ओळखून वगळता यावा म्हणून. चौदा क्रमांक निशिवाकीचा होता. सोमवारीच ती विभागप्रमुख झाली होती.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला इसोगाई चष्मा पुसत बसले होते. चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर ती खुर्ची आपल्यालाच मिळणार, असे ते धरून चालले होते. अहवालातला आकडा ऐकताच त्यांच्या छातीत काहीतरी उबदार पसरले. ते आपल्याला आवडले, हेही त्यांच्या ध्यानात आले.

"पहार सोमवारी दुपारी तपासली," कुरामोची निशिवाकीला म्हणाले. "तपासणीच्या खोलीत त्या दिवशी पाऊल टाकलं नाही, अशी तुमची सही आहे. मग एक तर सही खोटी, नाही तर यंत्र खोटं. यंत्र मी दोनदा चालवून पाहिलं."

"मी आत गेले नव्हते, साहेब. पण अंश माझाच आहे. तिथे कसा पोचला, ते मला सांगता येत नाही."

"संध्याकाळपर्यंत सांगता आलं नाही, तर उद्यापासून त्या खुर्चीवर तुम्ही नसाल."

शेजारी बसलेल्या तोकुनागाला शांतता सोसत नसे. "प्रमुखबाईंचा हात म्हणजे पिठाचा हात," तो म्हणाला. "टेकेल तिथे उमटतो. नाही तर आमचे इसोगाईसान! इतकी वर्षं दारं उघडतायत, पण एका कडीवर कण सापडेल तर शपथ. चोर व्हायचं सोडून इथे कशाला आले कोण जाणे!"

थट्टा खरी होती. कुणाच्या हातून किती अंश उतरतो ते पाहायला गेल्या वर्षी सगळ्यांनी एकेक काचेची नळी मिनिटभर मुठीत धरून पाहिली होती. निशिवाकीच्या नळीवर तिचा अंश भरपूर निघाला. इसोगाईंची नळी कोरी निघाली. तेव्हा सगळ्यांबरोबर तेही हसले होते.

"इसोगाईसान," कुरामोची वळले, "तपासणी तुमच्या हातची. तुमच्याकडून काही राहिलं का?"

माझ्या कामात चूक होत नाही. हे वाक्य इसोगाईंच्या जिभेवर तयार होते, आणि चौतीस वर्षे ते खरेही होते. चष्मा ठेवण्यासाठी त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला. बोटांना कार्ड लागले.

सोमवारी सकाळी निशिवाकीने आपल्या नव्या हुद्द्याचे व्हिजिटिंग कार्ड सगळ्यांना दिले होते. इसोगाईंसमोर ती कमरेत वाकली आणि तिने ते दोन्ही हातांनी पुढे केले. त्यांनीही दोन्ही हातांनी घेतले. मात्र त्यावरचे नाव तिच्यादेखत वाचण्याची रीत पाळली नाही. कार्ड सरळ खिशात टाकले. मग त्यांनी ते जिन्यात वाचले. चहाच्या यंत्रापाशी वाचले. तपासणीआधी नियमाप्रमाणे हात धुतले, कोरडे केले आणि हातमोजे चढवण्यापूर्वी बाकावर बसून पुन्हा एकदा वाचले. त्याच उघड्या बोटांनी त्यांनी पहिला हातमोजा बाहेरून धरून ओढला होता.

"अंश पोचायला माणूस जावा लागत नाही, कुणाचा तरी हात गेला तरी पुरतो." बारा वर्षांपूर्वी हे त्यांनीच निशिवाकीला शिकवले होते.

"इसोगाईसान?"

त्यांनी निशिवाकीकडे पाहिले. ती अहवालाकडे पाहत होती. ते गप्प राहिले असते, तर कोऱ्या हाताला कुणीही काही विचारले नसते.

"राहिलं," इसोगाई म्हणाले.

ते उठले. खणातून चिमटा आणि पारदर्शक पिशवी काढली, चिमट्याने कार्ड उचलून पिशवीत सरकवले. पिशवीवरच्या चिठ्ठीत तारीख लिहिली. 'हाताळणारी व्यक्ती' या रकान्यात ठसठशीत अक्षरांत स्वतःचे नाव लिहिले.

"हात धुतल्यावर मी याला पुन्हा हात लावला, आणि मग हातमोजे घातले. त्यांचा अंश मी नेला. हवं तर हाच क्रम पुन्हा करून पाहा."

"एकदा हात लावल्यावर इतकं जातं?" कुरामोचींनी विचारले.

"एकदाच नव्हे."

तोकुनागा पिशवीवर वाकला. "अहो, सोमवारचंच ना हे? कोपरे तर दहा वर्षं खिशात वागवल्यासारखे मऊ पडलेत! एवढं काय करत होतात याचं?"

"वाचत होतो."

तोकुनागाचे हसू अर्ध्यावरच राहिले.

"यावर माझाही अंश सापडेल," इसोगाई म्हणाले. "या वेळी सापडेल."

ते टेबलाला वळसा घालून निशिवाकीसमोर आले, कमरेत वाकले आणि पिशवी दोन्ही हातांनी पुढे केली. ती उठून उभी राहिली. तिने पिशवी दोन्ही हातांनी घेतली आणि खाली ठेवण्याआधी, रीतीप्रमाणे, चिठ्ठीवरचे त्यांचे नाव सावकाश वाचले.