टचपॅडच्या तक्रारी

नवा टचपॅड लेकीच्या बॅगेतच राहिला. जुना ठणठणीत होता.

तिने पुन्हा दाबून पाहिलं. टक्. बाबांच्या लॅपटॉपवर, लिनक्सच्या काळ्या खिडकीत लगेच ओळी उमटल्या: स्पर्श, दाबलं, सोडलं. डावा कोपरा झाला, उजवा झाला, दोन बोटं झाली. सगळं चोख. नऊ तासांच्या प्रवासात कंबर मोडून आली होती बिचारी, आणि इथे हे नाटक!

"बाबा, तुम्ही नक्की करता काय याला? माझ्यापुढे बघा कसा शहाण्यासारखा वागतोय."

"तुला घाबरतो तो," बाबा म्हणाले. "माझं ऐकत नाही."

बाबा म्हणजे चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. मुंगीच्या डोक्याएवढे स्क्रू बसवायचे. यंदा जानेवारीत "डोळे थकले" म्हणून त्यांनी दुकान बंद केलं, तेव्हा लेकीनेच त्यांना हा लॅपटॉप दिला आणि त्यात विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलं. तक्रार आली की ती आपल्या ऑफिसातून, नेटवरून आत शिरायची आणि पाच मिनिटांत सेटिंग बदलून मोकळी व्हायची. पोर हुशार, वादच नाही. शिस्तीचीही. प्रत्येक बदलाशेजारी तारीख आणि कारण लिहून ठेवायची. जीभ मात्र तिखट. "जोरात दाबा हो बाबा, जेवत नाही का?" असं फोनवर म्हणायची, आणि बाबा हसायचे.

"आता तुम्ही दाबा," ती म्हणाली.

बाबांनी बोट टेकवलं. पडद्यावर एक ओळ आली: स्पर्श. पुढची ओळ काही येईना.

"दाबा ना."

"दाबतोय की गं."

तेव्हा कुठे तिची नजर पडद्यावरून खाली उतरली. मनगट थरथरत होतं. बोट नुसतं पडून होतं. अंगठा आणि तर्जनीच्या मधलं मांस गळून तिथे खड्डा पडला होता.

बाबांनीही हाताकडे पाहिलं. "म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला," ते म्हणाले. हसायला गेले, पण जमलं नाही.

आठवड्याभरात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचले, दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले.

"नसांचा आजार आहे. औषधाने तो थांबतो. पण तोवर जेवढी ताकद गेली, ती परत येत नाही. कधीपासून होतंय हे?"

"हल्लीच," बाबा घाईघाईने म्हणाले. लेकीकडे त्यांनी बघितलंही नाही.

लेकीने फोन काढला. सेटिंगच्या नोंदी उघडल्या आणि एकेक वाचली.

"आठ फेब्रुवारी. उजवा कोपरा दाबला जात नाही. वीस एप्रिल. दोन बोटं एकदम टेकत नाहीत. तीन जुलै. डावी क्लिकही दाबली जात नाही. अकरा सप्टेंबर. टेकवलेलं बोट वेळेवर उचललं जात नाही."

डॉक्टर लिहायचे थांबले. "इतक्या नेमक्या नोंदी सहसा कुणी आणत नाही. मग दर वेळी केलंत काय?"

"सेटिंग बदललं," ती म्हणाली. "आणखी कमी ताकदीत चालेल असं."