सातव्या भागात तो जिवंत होतो

"बिघडवलं," असं म्हणत कुमुद सामंतांनी कादंबरी ग्रंथपालबाईंच्या टेबलावर ठेवली.

बुडून मेलेल्या खलाशाचं भूत आणि दीपगृहात एकटी राहणारी वसुधा यांच्या प्रेमाची ही मालिका त्या सहा वर्षं वाचत होत्या. नव्या, सातव्या भागात खलाशी चक्क जिवंत झाला होता.

"पण तुम्हीच तर म्हणायचात, त्याला एकदा माणसात आणा म्हणून," बाई हसल्या.

ते खरंच होतं. तो वसुधाच्या कपातला उरलेला चहा पितो, ते पान कुमुदताईंनी तीनदा वाचलं होतं आणि तिन्ही वेळा डोळे पुसले होते. पण पुढे दोघं बाजारात जातात, सुरमईच्या भावावरून भांडतात, पाहुण्यांना जेवायला बोलावतात. संध्याकाळी खिडकीशी बसून स्वतःशीच बोलणारी वसुधा मात्र अख्ख्या पुस्तकात सापडली नाही. निवृत्तीनंतर रिकाम्या घरात कुमुदताई तिच्याच सोबतीनं बसत आल्या होत्या. तिचं भलं झालं याचा त्यांना आनंद होता. पाठच्या बहिणीचं लग्न आधी ठरावं आणि आपण हसतमुखानं पेढे वाटावेत, तसा.

"मग वाईट काय झालं त्यात?" बाईंनी विचारलं.

"वाईट काहीच नाही हो. सहा भाग आम्ही दोघी एकट्या होतो. आता मी एकटीच राहिले."

बाईंनी हातातला शिक्का खाली ठेवला आणि खुर्ची पुढे सरकवली. कुमुदताई बसल्या. दुसरं पुस्तक मात्र त्यांनी मागितलं नाही.