चौथं लॉक

शिफाने पिस्टनची तीन लॉक बसवली होती. चौथं चिमटीत धरलं आणि बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

तिने लॉक कागदावर ठेवलं, पक्कड खाली टाकली आणि फडकं उचललं. आता बघणाऱ्याला वाटलं असतं, पोरगी बापाची हत्यारं पुसतेय.

"आदिनाथ हाय," दारातल्या स्टुलावरून गनीभाई म्हणाले. "एक दिवस आधीच आला." आणि त्यांनी दोन्ही हात सदऱ्याच्या खिशात घातले.

टू-स्ट्रोक इंजिन म्हटलं की पंचक्रोशीत कोल्हारच्या गनीभाईंचं नाव निघायचं. म्हणूनच बेलापूरच्या आदिनाथने गोव्याहून आणलेली जुनी जेट स्की त्यांच्याकडे टाकली होती. पाण्यावर पळणारी स्कूटरच, उभ्याने चालवायची, एकट्या माणसाची. रविवारी भंडारदऱ्याच्या पाण्यावर शर्यत होती आणि त्याला इंजिनाची ताकद वाढवून हवी होती. हेड लेथवर घासून घेतलं, कार्बोरेटर मोठा बसवला, पिस्टन नवे घातले. सगळं शिफाने केलं. गनीभाई स्टुलावरून सांगत, ती करत जाई. गिऱ्हाईक दिसलं की हातात फडकं.

दोन वर्षं हे असंच चाललं होतं. त्याआधी तिच्याकडून एकदा चूक झाली होती. लॉक म्हणजे नखाएवढी तारेची कडी. पिस्टनची पिन ती जागेवर धरून ठेवते. छगन नावाच्या गिऱ्हाइकाच्या मोटारसायकलमध्ये शिफाने बसवलेली कडी खाचेत नीट बसली नव्हती. पुलावर इंजिन जाम झालं, छगन पडला, त्याचा हात मोडला. शिफाने त्या दिवशी पाना ठेवला तो ठेवलाच. महिनाभर ती गॅरेजकडे फिरकली नाही. कोणी कितीही समजावलं तरी एकच, "मला जमणार नाही."

मग गनीभाईंचे हात थरथरायला लागले. चहाची बशी वाजायची, स्क्रू हातातून निसटायचे. डॉक्टरचं नाव काढलं की, "वयाचं हाय," म्हणून उडवून लावायचे. गॅरेज बंद पडायची वेळ आली, तेव्हा शिफाने नाइलाजाने पाना उचलला. बापाच्या नावाखाली काम करू लागली. पण लॉक बसवताना अजूनही तिच्या तळहाताला घाम सुटायचा.

"चाचा, झालं का?" आदिनाथ आत आला.

"एक लॉक ऱ्हायलंय. उद्या ये, घेऊन जा."

"मग बसवा की. मी थांबतो."

"अब्बांचं जेवण राहिलंय," शिफा घाईने म्हणाली. "तुम्ही संध्याकाळी या ना."

आदिनाथ हलला नाही. खुर्ची ओढून इंजिनाजवळच बसला. "खरं सांगू का चाचा? आई पाण्यात जाऊ देईना झालीय. तिला छगन भेटला हुता. त्यो म्हनला, गनीभाईच्या ग्यारेजात हल्ली पोरगीच सगळं करती." त्याने शिफाकडे बघायचं टाळलं. "तवा आईनं शपथ घातलीय. चाचांच्या हातानं काम हुताना डोळ्यानं बघून ये, न्हाईतर मशीन इकून टाक."

शिफाच्या मनात आलं, आता अब्बांचे थरथरते हात दिसणार. आदिनाथ गावभर सांगणार. त्यातून कडी पकडीतून उडून इंजिनात पडली तर सगळं पुन्हा खोलावं लागणार. आणि अर्धवट बसली तर? धरणाच्या मधोमध, एकटा माणूस, खाली हातभर नाही, पन्नास पुरुष पाणी.

"अब्बांचा चष्मा घरी आहे," ती म्हणाली.

"त्यो काय, खिशाला लावलाय." आदिनाथने बोट दाखवलं.

गनीभाई स्टुलावरून उठले. "पक्कड दे, बेटा."

"अब्बा, राहू द्या ना." ती मध्ये आली. "मी... उद्या करू आपण."

"दे म्हनलं ना."

तिने पक्कड दिली. इंजिनाच्या उघड्या तोंडावर फडकं अंथरलं. कडी पडलीच तर निदान फडक्यावर पडेल. गनीभाईंनी चष्मा लावला, कडी पकडीत धरली आणि वाकले. शिफाला बघवेना. तिने डोळे घट्ट मिटून घेतले आणि मनातल्या मनात दुवा मागायला लागली.

टक्क.

"बसलं," गनीभाई म्हणाले.

आदिनाथने मोबाईलचा उजेड पाडून चारी बाजूंनी पाहिलं. कडी खाचेत चपखल बसली होती. त्याचा चेहरा खुलला. "आता आई न्हाई अडवायची! छगन्याचं तोंडच बंद करतो. येतो चाचा, उद्या टेम्पो घेऊन येतो." तो गेला. त्याची गाडी पुलाच्या वळणाआड दिसेनाशी झाली.

शिफा अजून जागची हलली नव्हती. ती कडीकडे बघत नव्हती. बापाच्या हाताकडे बघत होती. पक्कड धरलेला तो हात इंजिनावर तसाच तरंगत होता. त्याला कसलाही कंप नव्हता.

गनीभाईंनी मान वर केली. ती कुठे बघतेय, ते त्यांच्या ध्यानात आलं.

आधी उजवा हात थरथरायला लागला. मग, आठवल्यासारखा, डावाही.