डब्यातली कार्डं

"वाढदिवस माझा!" म्हणत भिंगरीच्या बाबाने कार्डावर झडप घातली. दुसरं टोक भिंगरीच्या आईने आधीच धरलं होतं. कार्डाचे सरळ दोन तुकडे झाले.

"राहू द्या," समुपदेशक बाई म्हणाल्या. "हे सातवं. घरी पुठ्ठा आहे."

कौटुंबिक न्यायालयातल्या त्या टीचभर खोलीत, वेगळ्या होणाऱ्या आईबापांना बाई वीस वर्षं हाच खेळ खेळायला लावत होत्या. बिस्किटांच्या जुन्या डब्यातून कार्डं काढायची. प्रत्येकावर मुलाचा एखादा दिवस, एखादं काम. एक याने उचलायचं, एक तिने. वाटणी जमली की त्याचाच करारनामा.

आज ती जमायलाच हवी होती. नाहीतर उद्या सात वर्षांच्या भिंगरीला न्यायाधीशांच्या खोलीत बसवून विचारणार होते, आई हवी की बाबा. त्या प्रश्नापुढे मुकी झालेली लेकरं बाईंनी पाहिली होती. आणखी एक पाहायची त्यांची छाती नव्हती.

पण या दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य! बाबा लिफ्टचा कारागीर, आई चष्म्याच्या दुकानात. रविवार झाला, सुट्टी झाली, सहल झाली. प्रत्येक कार्डावर हमरीतुमरी.

बाईंनी सुस्कारा टाकून तळाची, कटकटीच्या कामांची कार्डं काढली. वीस वर्षांपूर्वी लिहिलेली, तरी नवीकोरी. इथे भल्याभल्या वाघांचं मांजर होई. कुणाची फिरतीची नोकरी निघे, कुणाची कंबर धरे. सगळे काखा वर करत.

"उवा माझ्याकडे," आई म्हणाली. "याला फणी धरता येत नाही."

"मग गणित मी घेतो. हिचे सात आठे अजून चोपन्नच होतात."

आईला हसू फुटलं. तिने ते घाईघाईने गिळलं.

तळातलं उरलं एकच कार्ड, 'ताप'. त्यावर दोघांचे हात एकदम पडले.

"सोड. ताप आला की तिला मीच लागते."

"आणि उशाशी बसून गोष्टी कोण सांगतं? हवा तर रविवार घे, पण हे सोड."

"रविवार तुलाच ठेव! सुट्टीही घे! हे मी देणार नाही."

टर्रकन आवाज झाला. दोघं ओशाळून आपापल्या तुकड्याकडे बघत राहिले.

"सॉरी मॅडम," बाबा पुटपुटला. "हेही फाटलं."

"असू द्या. एकेक तुकडा जपून ठेवा. भिंगरीला ताप आला की दोघांनी यायचं."

बाकीची वाटणी पाच मिनिटांत आटोपली, कारण जो तो समोरच्याला 'घे' म्हणत होता. सह्या झाल्या. उद्याची भिंगरीची फेरी टळली. बाईंना इतका आनंद झाला, की चष्मा पुसायला दोनदा काढावा लागला.

संध्याकाळी त्या घरी पुठ्ठा कापायला बसल्या. वाढदिवसाचं कार्ड आजवर सात वेळा फाटलं होतं. तापाचं आज पहिल्यांदाच.