आवळ्याविना हिवाळा

"डॉक्टरसाहेब, आवळा खाल्ला की सर्दी होत नाही, हे कशावरून?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून इंदू उभी राहिली होती. पिंपरीच्या नव्या पेनिसिलिन कारखान्यातले डॉक्टर शाळेत भाषणाला आले होते. मागं छबूनं हसू दाबायला पुस्तकच तोंडावर धरलं.

डॉक्टर हसले नाहीत. "आवळा चांगलाच. क जीवनसत्त्व भरपूर. पण त्यानं सर्दी टळते, असा पक्का पुरावा माझ्या तरी पाहण्यात नाही."

पैज जिंकली. आता खाली बसायचं, बस्स. पण इंदू उभीच.

"आणि नाही खाल्ला, म्हणून कुणी मरतं?"

डॉक्टरांनी चष्मा काढला.

"नाही, बाळ. छातीत न्यूमोनिया झाला, तर पोर दगावतं. तो आवळ्यानं थांबत नाही."

पैजेचा पेरू छबूनं हातात कोंबला. तो तसाच मुठीत धरून इंदू चिखलीच्या वाटेला एकटीच लागली.

घरी तिची आई शालनबाई मोरावळ्याची बरणी पुढ्यात घेऊन बसली होती. गेल्या वर्षी कार्तिकात ती भावाच्या लग्नाला माहेरी गेली, आवळे झाडाखालीच नासले, आणि पौषात इंदूचा धाकटा भाऊ सोपान खोकून खोकून गेला. तेव्हापासून तिनं कुणाच्या ओसरीवर पाय ठेवला नव्हता. यंदा मात्र घरात बरण्याच बरण्या. रोज सकाळी इंदूच्या तोंडात आवळा घालायचा आणि तो गिळेपर्यंत समोरून हलायचं नाही. सोपानचं नाव कुणी काढायचं नाही. वडील ज्योतीराम तर दोन घास खाऊन जे गोठ्यात जायचे, ते झोपायलाच घरात यायचे.

"टाक त्यो पेरू," शालनबाई म्हणाली. "पडसं व्हईल. आवळा घे."

इंदूनं पेरू परकराला पुसला आणि कचकन चावा घेतला. आईचा हात बरणीतच राहिला. गोठ्याकडे निघालेले ज्योतीराम दारात थबकले.

"आये, दादा, ऐका. आवळा नव्हता म्हणून सोपान गेला नाही. डॉक्टर म्हणाले. पण डॉक्टरांचं तुला पटायचं नाही, आये, ठाऊक आहे मला. म्हणून ह्या हिवाळ्यात मी आवळा तोंडाला लावणार नाही. पडसं झालं तर नाक पुसेन. पण शिमग्याला मी अशीच तुझ्यापुढं उभी असले ना, तर सोपानला हाक मारल्यागत त्याचं नाव घ्यायचं. मोठ्यांदा. आणि पहिल्यांदा तू."